खाडीवरची लिंक

आमच्या समूहात एक पद्धत आहे. कुठलाही बदल करायचा, अगदी एक स्वल्पविराम काढायचा असला, तरी तो का केला ते एका ओळीत लिहावं लागतं. ती ओळ सगळ्यांना दिसते आणि कायम राहते. यंदा मी एका पानावरून माझं नाव काढायला निघालो आणि कारणाच्या त्या ओळीपाशी अडलो.

समूह म्हणजे कोण, ते आधी सांगायला हवं. घराघरांत भिंतीवर वायफायचा डबा असतो. त्या डब्याच्या आत चालणारं सॉफ्टवेअर फुकट आणि उघडं लिहिणारी आम्ही माणसं. उघडं म्हणजे कुणीही वाचावं, कुणीही बदल सुचवावा. आम्ही निरनिराळ्या देशांत राहतो, बहुतेकांनी एकमेकांना प्रत्यक्ष पाहिलेलंही नाही. मी दिवसा महापे येथे एका कंपनीत नेटवर्क सांभाळतो आणि उरलेल्या वेळात हे करतो. दरवर्षी उन्हाळ्यासाठी काही विद्यार्थ्यांना मानधन देऊन आमच्यात काम करायला घेतात. त्याआधी आम्ही जुनी माणसं एका पानावर कल्पना मांडतो : अमुक एक अडचण आहे, सोडवायला कुणी पुढे येईल का? प्रत्येक कल्पनेखाली मार्गदर्शकाचं नाव असतं. विद्यार्थी कल्पना निवडतो, समूहाच्या ईमेल-यादीवर सगळ्यांसमोर प्रश्न विचारतो, प्रस्ताव लिहितो. मग आम्ही निवड करतो.

माझ्या नावाखालची कल्पना खाडीवरून आली होती.

आम्ही मूळचे सारसोळ्याचे कोळी. वडील खाडीवर जात, आता मोठा भाऊ जातो. मी शिकलो, नोकरीला लागलो आणि नेरूळमध्येच एका सोसायटीत सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. घर बदललं तरी गाव चालत जाण्याइतकंच लांब राहिलं. जेट्टीजवळ दादाची जाळी ठेवायची शेड आहे. तिथे मोबाईलला रेंज धड येत नसे, आणि दादाचा धंदा तोपर्यंत व्हॉट्सॲपवर आला होता. खेकडे निघाले की तो टोपलीचा फोटो काढणार, आमच्याच सोसायटीतल्या बायका त्याला तिथूनच ऑर्डर देणार. फोटो जात नसे, तेव्हा तो घरी गेल्यावर मला फोन करून ऐकवायचा, "तू इंजिनेर झालास त्याचा आमाला उपेग काय?"

म्हणून मी सोसायटीच्या गच्चीवर एक डबा लावला, दुसरा दादाच्या गावातल्या घरावर, तिसरा शेडवर. आमचं सॉफ्टवेअर तिन्हींवर. गच्चीवरून शेडकडे थेट जाणारा लहरींचा रस्ता, म्हणजे लिंक, जवळचा, पण मध्ये तिवरांची झाडं आणि चिखल. भरतीला तिथे पाणी भरतं. रेडिओची लहर पाण्यावरून उसळते, सरळ येणाऱ्या लहरीत मिसळते आणि सगळा गोंधळ होतो. दुसरा रस्ता गावातल्या घरावरून वळसा घालून जातो. तो हळू, पण कायम चालू. सॉफ्टवेअरला या दोहोंतला एक निवडायचा असतो, आणि पाणी चढता-उतरताना ते वेड्यासारखं इकडून तिकडे उड्या मारायचं. प्रत्येक उडीला व्हॉट्सॲपवर चालू असलेला फोन तुटायचा.

"तुजा नेट समुद्राला घाबरतं," दादा म्हणायचा. "कोल्याच्या घरी ठेवून काय उपेग त्याचा."

माझी मुलगी तेव्हा शाळेत होती. गच्चीवर माझ्याबरोबर यायची, वायर धरायची, प्रश्न विचारायची. ती दादाला मोठे बाबा म्हणते. उधाणाची मोठी भरती कधी, भांगाची लहान कधी, कुठल्या तिथीला पाणी किती चढतं, हे तिने त्याच्याकडून शिकून घेतलं होतं. मलाही ते लहानपणापासून ठाऊक होतं, पण ते या डब्याला सांगावं असं मला सुचलं नाही. तिला सुचलं. "पप्पा, याला थोडी आठवण देता नाही का येणार? म्हणजे काल पाणी चढताना काय झालं होतं, ते याने आज लक्षात ठेवायचं. मग लिंक खराब व्हायच्या आधीच वळशाचा रस्ता धरायचा आणि पाणी पूर्ण उतरेपर्यंत थांबायचं."

पुढल्या वर्षी मी ती कल्पना पानावर मांडली. शब्द माझे होते, कल्पना तिची. खाली मार्गदर्शक म्हणून माझं नाव घातलं. तेव्हा त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही. घरातलीच तर गोष्ट.

ती कल्पना कुणी उचलली नाही. पानावर वर्षानुवर्षं पडून राहिली. मुलगी खारघरच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात गेली आणि तिसऱ्या वर्षाला असताना एके दिवशी जेवताना म्हणाली, "मी अर्ज करणार आहे. आपल्या खाडीवाल्या कल्पनेसाठी."

बायको म्हणाली, "म्हणजे आता बापाकडे इंटरव्ह्यू?"

"पप्पा नापास करतील मला," मुलगी हसत म्हणाली. "त्यांना दुसऱ्याचा कोड कधी आवडतो?"

मी पण हसलो. पण त्याच रात्रीपासून माझ्या मनात एक भीती शिरली. ती काय होती ते मी आज स्पष्ट लिहू शकतो. तेव्हा मी तिला वेगवेगळी चांगली नावं दिली होती.

समूहात मी नवा असताना सगळ्यांसमोर एक प्रश्न विचारला होता. प्रश्न अडाण्यासारखा होता, इंग्रजीही मोडकं होतं. एकाने दोन ओळींत असं उत्तर दिलं की पुढे कित्येक महिने मी तिथे तोंड उघडलं नाही. मग हळूहळू शिकलो. प्रत्येक पत्र चारदा वाचून, घासूनपुसून पाठवायचं. काम पूर्ण झाल्याशिवाय दाखवायचं नाही. अशा रीतीने माझं तिथे नाव झालं. खरं तर समूहाची रीत याच्या उलट आहे. अर्धवट काम दाखवावं, चुकीचा प्रश्न विचारावा, लोकांनी दुरुस्त करावं. निवडीच्या वेळी हेच बघतात : हा विद्यार्थी आमच्याशी बोलला का, चुकला तेव्हा कसा वागला. हे मला ठाऊक होतं. कितीतरी विद्यार्थ्यांना मी स्वतः सांगितलं आहे, बाबांनो, लाजू नका, विचारा.

माझ्या मुलीला मी सांगितलं, "यादीवर एवढ्यात काही लिहू नकोस. आधी मला दाखव. पक्कं झालं की एकदम पाठव."

"पण तिथे लिहिलंय की आधी ओळख करून द्या."

"ते सगळ्यांसाठी आहे. तुला घरात विचारायला माणूस आहे ना?"

"बरं," ती म्हणाली.

आणि दुसरी गोष्ट सांगितली, आडनाव लावू नकोस. आमच्यात टोपणनावाने वावरायची पद्धत आहेच. तिने खाडीच्या चिखलात उड्या मारणाऱ्या निवटी माशाचं नाव घेतलं. आडनाव का नको, याचं कारण मी तिला असं दिलं की लोकांना वशिला वाटेल. ते खोटं नव्हतं. नियम असा आहे की अर्जदार नात्यातला असेल तर मार्गदर्शकाने तसं जाहीर करावं आणि मत देऊ नये. मी जाहीर केलं असतं तर प्रश्नच मिटला असता. दुसरा कुणीतरी तिचा मार्गदर्शक झाला असता. पण मग माझी मुलगी म्हणून ती सगळ्यांसमोर प्रश्न विचारणार, अडखळणार, आणि कुणीतरी तिला दोन ओळींचं उत्तर देणार. ते उत्तर तिला लागेल म्हणून मी घाबरलो, असं मी स्वतःला सांगितलं. ते मला लागलं असतं. इतक्या वर्षांच्या कष्टांनी मिळवलेल्या माझ्या नावाला लागलं असतं.

ते दोन-अडीच महिने मात्र मला अजूनही आठवतात. ती कॉलेजातून सुटली की थेट शेडवर जायची. दादा जाळं विणत बसलेला, ती लॅपटॉप घेऊन उलट्या टबवर. पाणी चढताना ती मला फोन लावायची आणि बोलत राहायची, फोन तुटतो का बघायला. बोलायला विषय संपला की दादाला फोन द्यायची.

"काय साहेब," दादा म्हणायचा, "पानी तर पार शेडला लागलंय आनि तू अजून बोलतंस. म्हंजे पोरीनं केलान."

"हॅलो, पप्पा? आवाज येतोय? तुटला नाही ना?"

नाही तुटला. तिने लिहिलेलं काम त्या उन्हाळ्याच्या आधीच जवळजवळ पूर्ण होतं. मी त्यातल्या चुका काढत राहिलो. हे नाव बदल, ही ओळ वर घे, हे दोन भागांत तोड. ती करत राहिली. एकदा म्हणाली, "आता पाठवू का?" मी म्हणालो, "अजून एकदा बघू." अर्जाच्या शेवटच्या दिवशी तिने सगळं पाठवलं. प्रस्ताव सुरेख होता. आणि तोवर समूहातल्या एकाही माणसाने तिचं टोपणनाव ऐकलं नव्हतं.

निवडीची पहिली चर्चा आमच्याकडे उघडी असते. बोलायचं फक्त मार्गदर्शकांनी, पण कुणालाही ऐकायला बसता येतं. रविवार होता, दुपारची वेळ. मी बेडरूमचं दार लावून बसलो. मुलगी सकाळीच गावात गेली होती. स्क्रीनच्या कोपऱ्यात काही पाहुणे ऐकत होते. त्यात विनानावाचा एक होता. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

खाडीच्या कल्पनेवर आलो. चर्चा चालवणारा आमच्यातला सगळ्यात जुना माणूस, शांत आणि अतिशय सज्जन. तो म्हणाला, प्रस्ताव फार चांगला आहे, इतका तयार की मला जरा शंका येते. हे काम कुणी होताना पाहिलंय का? या निवटीला कुणी ओळखतं का? मग माझं नाव घेऊन विचारलं, कल्पना तुझी आहे, तुझ्याशी तरी बोलली असेल?

मला वाटतं, या एका प्रश्नाचं उत्तर द्यायला मी आयुष्यात जितका वेळ घेतला तितका दुसऱ्या कशाला घेतला नसेल. हो म्हणालो तर लगेच पुढचा प्रश्न येणार, कुठे बोलली? मग नातं सांगावं लागणार. मग, आधी का सांगितलं नाहीस? नियम करणाऱ्यांत मीही होतो.

मी म्हणालो, "नाही. मी तिला ओळखत नाही."

चर्चा पुढे गेली. दोन जागा होत्या. सगळ्यांशी महिनाभर बोललेल्या, चुकांसकट सगळ्यांना माहीत असलेल्या दोन मुलांना त्या मिळाल्या. त्यात अन्याय काही नव्हता. बाकीच्या मार्गदर्शकांच्या जागी मी असतो तरी तीच निवड केली असती.

संध्याकाळी मुलगी घरी आली, जेवली, झोपली. निकाल लागला त्या दिवशी "ठीक आहे" म्हणाली. मी तिला म्हणालो, पुढच्या वर्षी बघू. तिने मान हलवली. मला वाटलं, पोरगी समजूतदार आहे.

पुढे काही दिवसांनी दादाकडे गेलो होतो. तो बोंबील साफ करत होता. वर न बघता म्हणाला, "त्या रविवारी तू काय बोल्लास रं इंग्लिशमदी?"

"कधी?"

"ती हितं बसून ऐकत होती ना मोबाईलवर. मला बोल्ली, बगा मोठे बाबा, आता माजं नाव घेतील. मला काय इंग्लिश समजतं? तुजा आवाज मात्र वलखला मी. एकदम साफ येत होता. पानी भरलेलं होतं तरी."

दादाने पुढचा बोंबील उचलला.

"मग तिनं मोबाईल ठेवला. मी इचारला, घेतला का नाव? बोल्ली, हो, घेतला. आनि माज्या हातातली सुई घेतली, जाळं विनत बसली. तिला विनता येत नाय. सगली गाठी चुकीची मारली. मी बोल्लो नाय काय." त्याने बोंबलाचं डोकं बाजूला टाकलं. "नंतर सोडवल्या मी."

मी घरी आलो आणि तिच्या खोलीत गेलो. ती परीक्षेचा अभ्यास करत होती. मी जे काय बोललो ते माफी मागण्यासारखं होतं, पण त्यात नियम होता, समूह होता, वशिला होता, तिच्या भल्याचा विचार होता. ती पुस्तकावर बोट ठेवून ऐकत होती.

"पप्पा," ती शेवटी म्हणाली, "त्यांनी विचारल्यावर तुम्ही काहीच बोलला नाहीत ना थोडा वेळ, तेव्हा मला वाटलं लिंक गेली. मी उठून पाण्याकडे बघितलं. म्हटलं, नेमकी आत्ता कशी गेली, जायला नको होती. मग तुमचा आवाज आला."

एवढंच. ती ओरडली असती, रडली असती, तर मला काहीतरी करता आलं असतं.

त्यानंतर तिने मला कुठलाही कोड दाखवला नाही. भांडण झालं नाही, बोलणं बंद झालं नाही. "पप्पा, दुधाचे पैसे दिलेत का," "पप्पा, गॅसवाला आलाय," असं सगळं चालू राहिलं. डिग्री झाली आणि ती बंगळूरला नोकरीला गेली. नेटवर्कमध्ये नाही, दुसऱ्याच कामात. फोन आईला करते. आई शेवटी विचारते, पप्पांना देऊ? आणि ती म्हणते, दे. मग ती माझ्या तब्येतीची चौकशी करते. फार नीट चौकशी करते.

दरवर्षी कल्पनांचं पान नवं होतं. ती कल्पना मी काढली नाही, कारण काढली तर तिची शेवटची खूण जाईल असं वाटायचं. शेडवरच्या डब्यात तिचंच काम चालू आहे. मी त्याला हात लावलेला नाही. दादाला आता कुणीतरी स्वस्तात फायबरचं नेट देतोय, पण तो घेत नाही. "पोरीचं चांगलं चाललंय," म्हणतो, आणि कुठल्या पोरीचं, कुठलं चांगलं, ते मी विचारत नाही.

यंदा एका मुलीचं मला पत्र आलं. कुठल्याशा गावातली, दुसऱ्या वर्षाला आहे. तिला खाडीची कल्पना आवडली होती. यादीवर लिहायला भीती वाटते, तुम्हालाच विचारलं तर चालेल का, असं लिहिलं होतं.

त्या आठवड्यात माझ्या मुलीचा फोन आला तेव्हा मी बायकोला म्हणालो, मला दे आधी. लेकीला त्या पत्राबद्दल सांगितलं. विचारलं, तुझं काम तुझ्या नावाने त्या मुलीला दिलं तर चालेल का?

"ती कुणाला विचारतेय? यादीवर, की तुम्हाला?"

"मला. खासगी."

मला वाटलं फोन तुटला. तुटला नव्हता.

"काय सांगितलंत तिला?"

"अजून काही नाही."

"तिला म्हणावं सगळ्यांना विचार. काम द्या तिला. माझं नाव घाला नाहीतर नका घालू, मला काही नाही त्याचं." मग म्हणाली, "कल्पना राहू दे तिथे. तुमचं नाव काढा, पप्पा."

"बरं," मी म्हणालो.

"बीपीची गोळी चालू आहे ना?"

"आहे."

"द्या आईला."

मी पत्र पाठवणाऱ्या मुलीला लिहिलं की मला नको, सगळ्यांना लिही, मोडकं लिहिलंस तरी चालेल. मग पान उघडलं आणि कल्पनेखालचं माझं नाव काढलं. कारणाची ओळ रिकामी होती. मी लिहिलं : ही कल्पना मूळ माझ्या मुलीची आहे. तिने हे काम पूर्ण करून अर्ज केला होता. तुम्ही मला विचारलंत तेव्हा मी तिला ओळखत नाही असं सांगितलं. मी तिला ओळखतो. ती माझ्याबरोबर गच्चीवर वायर धरायची.

बदल तपासणीला पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी त्यावर एक शेरा आला. आलेला बदल तपासून मगच पानावर उतरवण्याचं काम सध्या एक तरुण मुलगा करतो, तो अलीकडेच आलाय, त्याला यातलं काही माहीत असायचं कारण नाही. त्याने नम्रपणे लिहिलं होतं : बदल योग्य आहे, घेता येईल. फक्त कारण फार लांब झालंय. कृपया एका ओळीत बसवा.

मी अजून ते केलेलं नाही. माझं नाव अजून तिथेच आहे.